पावसाळ्यानंतर गचके खाणारं एचओ मॉडेल-रेल्वे इंजिन: दोष चाकांमागच्या धातूच्या पत्त्यांत

रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळाभर कपाटात पडलेलं एचओ मापाचं छोटं मॉडेल-रेल्वे इंजिन (१६.५ मिमी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर; १२ व्होल्ट डीसी). वेगात ठीक चालायचं. हळू केलं की गचके खाऊन थांबायचं, बोटाने ढकललं की पुन्हा सुरू. रूळ पुसले, चाकांच्या कडा पुसल्या, कंट्रोलर बदलला, फरक शून्य. अक्षरशः वैताग आला.

शेवटी लागू पडलं ते असं. बॉडी काढली, मग खालच्या प्लेटचे स्क्रू. चाकं उचलण्याआधी प्रत्येक जोडीची दिशा मार्करने खुणावली. इन्सुलेटेड (वीज न वाहणारी) बाजू उलटी बसली तर शॉर्ट होतो. चाकांच्या पाठीला टेकून रुळांतली वीज मोटरकडे नेणाऱ्या धातूच्या पत्त्यांवर हिरवट थर, वर जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट. ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने काढलं, थर फायबरग्लास पेनने (काचतंतूंच्या टोकाचा, घासून साफ करायचा पेन). सँडपेपर नकोच, ओरखड्यांत मळ धरतो. मग पत्त्या चिमट्याने किंचित वाकवल्या: चाकजोडी डावी-उजवीकडे पूर्ण सरकवली तरी पत्ती टेकलेली राहावी, पण चाक जड फिरू नये. हीच खरी मेख. मल्टिमीटरने प्रत्येक चाकापासून मोटरच्या टोकापर्यंत जोड तपासला. प्लास्टिकला चालणारं तेल, सुईच्या टोकावर राहील एवढंच, बेअरिंगना दिलं. पत्त्यांना अजिबात नाही.

आता ते मुंगीच्या गतीने पॉइंटवरूनही (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) न थांबता जातं. इंजिन ठेवायच्या डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलंय.