सॉल्व्हर बरोबर, मॉडेल चूक: ऑप्टिमायझेशनमध्ये या चुका टाळा

ऑप्टिमायझेशन म्हणजे अटी पाळून सर्वांत चांगला पर्याय गणितानं शोधणं. त्याच्या मॉडेलमध्ये तीन गोष्टी लागतात: काय ठरवायचं ते चल, काय वाढवायचं किंवा कमी करायचं ते उद्दिष्ट, आणि पाळायच्या अटी. जॉर्ज डँटझिग यांची 1947 ची सिम्प्लेक्स पद्धत आजही सॉल्व्हरच्या, म्हणजे मॉडेल सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पोटात चालते. ती आकडेमोडीत सहसा चुकत नाही. चुकते ती आपली मांडणी.

अपूर्णांकी उत्तर गोल करणं

ही चूक सर्वांत जास्त होते. एका यंत्राचे 14 तास आहेत. ‘क’च्या एका नगाला 5 तास लागतात, नफा 9. ‘ख’ला 3 तास, नफा 5. लिनियर प्रोग्रॅमिंग (उद्दिष्ट आणि अटी सरळ रेषेच्या, चलांना अपूर्णांक चालतात) सांगतं: ‘क’ 2.8 नग, ‘ख’ शून्य, नफा 25.2. आता 2.8 चे 3 केले तर 15 तास लागतात, म्हणजे अट मोडली. 2 केले तर नफा 18 वर येतो. खरं सर्वोत्तम पूर्णांकी उत्तर आहे ‘क’ 1, ‘ख’ 3, नफा 24. गोल करून तिथे पोचताच येत नाही. नग, माणसं, फेऱ्या मोजायच्या असतील तर चल सुरुवातीलाच पूर्णांकी जाहीर करा. हजारोंच्या घरातल्या आकड्यांना गोल केलं तर फारसं बिघडत नाही, पण अटी पुन्हा तपासाच.

याच उदाहरणात शॅडो प्राइसही, म्हणजे एखादं साधन एका एककानं वाढलं तर नफा किती वाढेल तो आकडा, फसवते. ती म्हणते, एक जादा तास म्हणजे 1.8 नफा. पूर्णांकी मॉडेलमध्ये 15 वा तास नफा 24 वरून 27 वर नेतो आणि 16 वा फक्त 28 वर. साध्या लिनियर मॉडेलमध्येही शॅडो प्राइस ठरावीक पट्ट्यापुरतीच खरी असते. सॉल्व्हरच्या सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमधली (आकडे बदलले तर उत्तर कसं हलेल ते सांगणारा तक्ता) वाढ-घटीची मर्यादा न पाहता तिला गुणत सुटू नका.

‘इन्फिजिबल’ आलं की अटी खोडणं

‘इन्फिजिबल’ म्हणजे सगळ्या अटी एकत्र पाळणारं उत्तरच नाही. अटी खोडण्याऐवजी मूळ उद्दिष्ट बाजूला ठेवा. प्रत्येक ‘किमान’ अटीच्या डाव्या बाजूला एक ऋण नसलेला चल मिळवा, ‘कमाल’ अटीतून वजा करा, आणि या सगळ्या चलांची बेरीज किमान करा. जिथे शून्य उरत नाही ती अट, किंवा तिच्याशी भांडणारी दुसरी, तपासा. बहुतेकदा एका ओळीत तास आणि दुसरीत मिनिटं निघतात.

‘अनबाउंडेड’ (उद्दिष्टाला सीमाच नाही) आलं तर प्रत्येक चलाला तात्पुरती मोठी वरची मर्यादा घाला. जो चल तिला जाऊन टेकतो, त्याची अट राहिलेली असते किंवा चिन्ह उलटं पडलेलं असतं.

‘बिग-एम’ उगाच मोठा घेणं

‘यंत्र चालू असेल तरच उत्पादन’ अशी अट लिहिताना उत्पादन ≤ एम × (0 किंवा 1) असं मांडतात; 0 म्हणजे यंत्र बंद, 1 म्हणजे चालू, आणि एम (बिग-एम) हा आपण निवडलेला मोठा आकडा. सॉल्व्हर 0.000001 लाही शून्य मानू शकतो. एम 1 कोटी असेल तर बंद यंत्रातून 10 नग निघतील! एम म्हणजे त्या यंत्राची खरी कमाल क्षमता घ्या. गणनाही वेगवान होते.

प्रमाणाच्या अटीत भागाकार ठेवू नका. ‘क’ एकूणाच्या किमान 40 टक्के हवा असेल तर 0.6क − 0.4ख ≥ 0 लिहा.

वाहतुकीचा प्रश्न (कुठून कुठे किती माल पाठवायचा) तक्ता आखून हातानं सोडवताना 3 पुरवठादार आणि 4 मागणी केंद्रं असतील तर 3 + 4 − 1 = 6 भरलेले चौकोन लागतात. पाचच भरले तर मोडी (MODI) पद्धत, म्हणजे उत्तर सर्वोत्तम आहे का ते तपासण्याची रीत, अडते. अशा वेळी एका रिकाम्या चौकोनात नगण्य राशी भरा, मात्र त्यानं बंद वळसा (भरलेल्या चौकोनांतून आडवं-उभं जात सुरुवातीला परतणारी वाट) तयार होणार नाही असाच चौकोन निवडा.