डॉक्टरविरुद्ध तक्रार कुठं आणि कशी करायची: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी

आपल्याकडं दवाखान्यात काही विपरीत झालं की लोक एकतर काउंटरवर जाऊन भांडतात नायतर "जाऊदे, नशीब" म्हणून गप्प बसतात, आणि दोन्हीत हाती काहीच लागत नाही. डॉक्टरच्या लायसन्सवर ज्यांचा अधिकार चालतो ती संस्था म्हणजे राज्याची मेडिकल कौन्सिल, तिच्याकडं पेशंट किंवा त्याच्या घरचे थेट तक्रार देऊ शकतात. फक्त तिच्या हातात काय आहे आणि काय नाही हे आधी समजून घ्या, नायतर चुकीच्या दारात महिने जातात.

सगळ्यात आधी डॉक्टर कुठल्या कौन्सिलचा ते काढा. सीमाभागात खरा घोळ इथंच होतो, कारण निपाणीचा पेशंट कोल्हापूरला जातो, कागवाड-अथणीचा मिरजेला आणि खानापूरचा बेळगावला. कर्नाटकातल्या डॉक्टरांची नोंद बेंगळुरूच्या कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडं असते, कोल्हापूर-मिरजेच्या डॉक्टरांची मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं. पेशंट कुठला राहणारा हे इथं बघत नाहीत, डॉक्टरची नोंद कुठली ते बघतात. औषधाची चिठ्ठी हातात घ्या, नावाखाली डिग्री आणि तिथंच कुठंतरी बारीक अक्षरात रजिस्ट्रेशन नंबर दिसेल, तो छापणं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणं बंधनकारक आहे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर इंडियन मेडिकल रजिस्टर आहे, त्यात नाव आणि नंबर टाकून खात्री करून घ्या. डिग्री बीएएमएस, बीएचएमएस किंवा बीडीएस असेल तर ही कौन्सिल नाही, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि डेंटलवाल्यांची वेगळी मंडळं आहेत. आणि कुठंच नाव सापडलं नाही तर मात्र प्रकरण बोगस डॉक्टरचं असू शकतं, तेव्हा सरळ डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) ऑफिस आणि पोलीस.

आता कौन्सिलचे अधिकार. ती चौकशी लावते, डॉक्टरला बोलावते, त्याला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडायची संधी देते. दोषी ठरला तर ताकीद देऊ शकते, ठराविक काळासाठी नाव रजिस्टरमधून काढू शकते किंवा कायमचंच काढू शकते, आणि नाव नाही म्हणजे प्रॅक्टिस बंद. चौकशी चालू असतानाच ज्या प्रोसिजरबद्दल तक्रार आहे ती करायला त्या डॉक्टरला मनाई करायचा अधिकारसुद्धा तिला आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. पण कौन्सिल तुम्हाला एक रुपया भरपाई देऊ शकत नाही, बिल कमी करू शकत नाही, कुणाला जेलमध्ये टाकू शकत नाही आणि हॉस्पिटलचं लायसन्सही तिच्याकडं नाही.

तक्रार लिहायच्या आधी कागद मिळवा, यात अजिबात ढिलाई करू नका. अ‍ॅडमिट पेशंटचे रेकॉर्ड ३ वर्षं ठेवणं आणि मागितल्यापासून ७२ तासांत देणं हा नियम आहे. तोंडी मागू नका, दोन ओळींचा अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर तारखेसकट शिक्का मारून घ्या. डिस्चार्ज कार्ड पुरेसं नाही, केस पेपर, नर्सिंग नोट्स, ऑपरेशन नोट, संमतीच्या सहीचा फॉर्म, सगळं मागा. तो सहीचा फॉर्म नीट बघा. आपल्याकडं फॉर्म इंग्लिशमध्ये नायतर कन्नडमध्ये असतो आणि मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या आजीची त्यावर सही असते, ऑपरेशन कसलं, धोका काय, हे तिला तिच्या भाषेत कुणी सांगितलेलंच नसतं. तसं झालं असेल तर तक्रारीत स्पष्ट लिहा, कारण समजावून न सांगता घेतलेली संमती ही खरी संमती नाही.

लिहिताना "माणसाला मारलं", "लुटलं" असले शब्द नकोत. किती तारखेला, किती वाजता, कोण आलं, काय दिलं, काय सांगितलं, एवढंच ओळीनं लिहा. पेशंट बरा झाला नाही एवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाही, काय करायला पाहिजे होतं आणि केलं नाही ते दाखवावं लागतं, म्हणून जमलं तर दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत जोडा. बेंगळुरूला पाठवताना तक्रार कन्नड किंवा इंग्लिशमध्ये करून घ्या, मराठी कागदांची भाषांतरं सोबत लावा, नोटरी केलेलं अ‍ॅफिडेव्हिट जोडा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. ओरिजनल कागद कुणालाच देऊ नका.

पैशाची भरपाई पाहिजे तर ग्राहक आयोग. मुदत २ वर्षांची आहे, कौन्सिलच्या निकालाची वाट बघत ती घालवू नका, दोन्हीकडं एकदम जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, म्हणजे हॉस्पिटल कोल्हापूरचं असलं तरी बेळगाव जिल्ह्यात राहणारा बेळगावच्या आयोगात जाऊ शकतो. आपल्या जिल्ह्यातल्या प्रायव्हेट हॉस्पिटलबद्दल तक्रार असेल, रेट बोर्ड लावला नाही, बिल वाढवलं, तर २००७ च्या केपीएमई (कर्नाटकातल्या खाजगी दवाखान्यांसाठीच्या) कायद्याखाली डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालची जिल्हा समिती आहे, तिचा अर्ज डीएचओ ऑफिसात द्या.

कौन्सिलनं ६ महिन्यांत निर्णय द्यायचा असा नियम आहे, पण पाठपुरावा केल्याशिवाय हलत नाही असंच धरून चला, अधूनमधून लेखी स्मरणपत्र पाठवत राहा. तरीही ढिम्म असेल तर वकिलाला घेऊन हायकोर्टाच्या धारवाड बेंचला रिट टाकता येते, तेव्हा ही स्मरणपत्रं आणि पोस्टाच्या पावत्याच कामाला येतात.