लाकडाच्या करवतीवर अॅल्युमिनियम कापताना ब्लेड कोणतं घ्यावं

ब्लेड घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न दाते किती, हा असतो. त्याआधी दात कुठे झुकलाय ते पाहा. लाकडाच्या ब्लेडचे दाते बहुधा फिरण्याच्या दिशेने पुढे झुकलेले असतात आणि माल स्वतःकडे ओढतात. लाकूड हे सोसतं. अॅल्युमिनियममध्ये मात्र दात एकदम खोल घुसतो आणि पातळ सेक्शन वाकतो, फेन्सवरून (माल टेकवायच्या मागच्या पट्टीवरून) उसळतो किंवा कार्बाइडचं टोक उडतं. म्हणून चॉप सॉसाठी (वरून खाली आणायच्या करवतीसाठी) निगेटिव्ह हुक, म्हणजे दाते मागे झुकलेलं, उणे 5 ते उणे 6 अंशांचं ब्लेड घ्या.

दाताचा आकार टीसीजी (ट्रिपल चिप ग्राइंड) हवा. त्यात कोपरे छाटलेला दात मधून वाट काढतो आणि मागचा सपाट दात कडा साफ करतो. आलटूनपालटून तिरक्या दात्यांची अणकुचीदार टोकं धातूत लवकर झिजतात.

आता दाते. 254 मिमीच्या ब्लेडला 80, तर 305 मिमीच्या ब्लेडला 96 ते 100 दाते पाईप, अँगल आणि खिडकीच्या सेक्शनला योग्य. 254 मिमीला 80 दाते म्हणजे दोन दात्यांत साधारण 10 मिमी अंतर. 2 मिमी जाडीच्या भिंतीत एका वेळी जेमतेम एक दात असतो, सगळा धक्का त्याच्यावरच येतो, म्हणून पातळ मालाला याहून कमी दाते नकोत. भरीव जाड बारला मात्र 60 दाते बरे, कारण मोठ्या खाचेत कीस मावतो. खाच भरली की अॅल्युमिनियम दाताला चिकटतं, ब्लेड तापतं आणि काप खरबरीत येतो.

ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम करवतीच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवा आणि मधलं भोक शाफ्टला नेमकं बसायला हवं. अतिपातळ ब्लेड टाळा, ते डुलतं.

कापण्यापूर्वी प्लग काढून दात्यांना कटिंग वॅक्स (कापताना लावायचं मेण) लावा. माल क्लॅम्पने आवळा, हाताने धरू नका. मागे लाकडाची पट्टी ठेवली तर छोटा तुकडा ब्लेड आणि फेन्समध्ये अडकत नाही. ब्लेड पूर्ण वेगात आल्यावर सावकाश, एकसारख्या दाबाने खाली आणा आणि काप संपल्यावर ब्लेड थांबेपर्यंत वर उचलू नका. वर येताना सुटा तुकडा दात्यात सापडला की तो गोळीसारखा सुटतो.

टेबल सॉला (टेबलातून ब्लेड वर आलेल्या करवतीला) बोट लागताच ब्लेड थांबवणारी सुरक्षा यंत्रणा असेल, तर ती अॅल्युमिनियमच्या स्पर्शानेही सुटते आणि ब्लेड वाया जातं. उत्पादकाने दिलेला, ती यंत्रणा तात्पुरती बंद ठेवणारा बायपास मोड आधी लावा.

चष्मा आणि फेस शील्ड दोन्ही वापरा, कीस गरम उडतो. हातमोजे नकोत. भुशाची पिशवी काढून ठेवा: गरम कीस भुशात पडला तर आग लागू शकते. नंतर मोटरच्या झरोक्यांतला कीस साफ करा, आणि तेच ब्लेड लाकडाला लावायचं असेल तर आधी मेण पुसून घ्या, नाहीतर पॉलिशला डाग पडतील.