पेपर झाल्यावर उत्तरांची चर्चा कशी करावी: बारावीचे अर्थशास्त्र आणि भूगोल

बारावीचा पेपर दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो आणि परीक्षा केंद्राचे फाटक ओलांडण्याआधीच "पहिल्या प्रश्नातलं चौथं काय लिहिलंस?" अशी विचारणा सुरू होते. दादरला गाडी येईपर्यंत तिचे वादात रूपांतर झालेले असते. "झाले ते झाले, आता चर्चा नको," असे घरचे सांगतात, पण परळमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना मला तो सल्ला कधी पटला नाही. या दोन विषयांतील बरीच उत्तरे कारणांवर उभी असतात आणि कारणे तपासण्याची सवय पुढे पदवीलाही लागते. चर्चा जरूर करावी, मात्र ती कधी आणि कशाच्या आधारे करायची, हे आधी ठरवून घ्यावे.

पहिली गोष्ट वेळेची. दोन्ही पेपर होईपर्यंत थांबावे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला अर्थशास्त्राच्या पेपरनंतर चार मैत्रिणींनी तिचे उत्तर चुकल्याचे ठामपणे सांगितले. त्या धसक्याने तिचा पुढचा भूगोलाचा अभ्यास झाला नाही, आणि नंतर पाहिले तर उत्तर तिचेच बरोबर होते. चौघींचे एकमत झाले होते, पण पाठ्यपुस्तक एकीनेही उघडले नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोणाशीही बोलण्यापूर्वी, त्याच संध्याकाळी, आपण प्रत्येक प्रश्नाला काय लिहिले ते वेगळ्या कागदावर उतरवून ठेवावे. वस्तुनिष्ठ प्रश्नांचा निवडलेला पर्याय, गणिताचे अंतिम उत्तर आणि दीर्घ उत्तरांतील मुद्द्यांची केवळ नावे लिहिली तरी पुरते. इतरांची उत्तरे कानावर पडली की आपली आठवण नकळत बदलते. बरोबर उत्तर ऐकले की आपणही तेच लिहिले होते असे वाटू लागते आणि आत्मविश्वासाने बोलणारा मित्र भेटला की लिहिलेल्या उत्तराविषयीही शंका येते. पेपरच्या दिवशीच्या या कागदामुळे चर्चेला खरा आधार मिळतो.

चर्चेला बसताना प्रश्नपत्रिका समोर हवी आणि प्रश्न शब्दशः मोठ्याने वाचला गेला पाहिजे. निम्मे वाद येथेच मिटतात, कारण "फरक स्पष्ट करा" आणि "संकल्पना ओळखून स्पष्ट करा" यांत मागणीच वेगळी असते. पुढे ज्यांचे उत्तर एकच असते असे प्रश्न बाजूला काढून आधी संपवावेत.

त्यांत लवचिकतेचे, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती प्रमाणात बदलते याचे, गणित सर्वांत जास्त भांडणे लावते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. समजा, वडापावची किंमत 20 रुपयांवरून 25 रुपये झाली आणि एका गाडीवरील रोजची मागणी 200 वरून 180 वर आली. किंमत 25 टक्क्यांनी वाढली, मागणी 10 टक्क्यांनी घटली, म्हणून लवचिकता 10 भागिले 25, म्हणजे 0.4; ती एकापेक्षा कमी, म्हणून मागणी कमी लवचीक. आता एखाद्याचे उत्तर 0.56 येते, कारण त्याने मूळ किंमत व मूळ मागणीऐवजी नव्या आकड्यांनी भागलेले असते, दुसऱ्याचे 2.5 येते, कारण त्याने अंश आणि छेद उलटे घेतलेले असतात. येथे "माझे उत्तर वर्गात तिघांशी जुळते" या म्हणण्याला अर्थ नाही. प्रत्येकाने आपली मांडणी कागदावर करून दाखवावी आणि शेवटी एकूण खर्च पद्धतीने पडताळावे: आधीचा एकूण खर्च 4000 रुपये, नंतरचा 4500 रुपये, किंमत वाढूनही खर्च वाढला, म्हणजे मागणी कमी लवचीकच असली पाहिजे. अशी दुसऱ्या वाटेने केलेली पडताळणी कोणत्याही बहुमतापेक्षा भरवशाची असते. निर्देशांकाच्या, म्हणजे किमतींतील सरासरी बदल मोजणाऱ्या आकड्याच्या, उदाहरणात एवढेच पाहावे की लास्पेअरच्या सूत्रात आधारवर्षाचे परिमाण (वस्तूंचे नग) आणि पाशेच्या सूत्रात चालू वर्षाचे परिमाण घेतले आहे की नाही.

विधान आणि तर्क हा प्रकार मुलांना फसवा वाटतो, पण त्याला सोपी कसोटी आहे. आधी दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे सत्य आहेत का ते ठरवावे आणि मगच त्यांच्यामध्ये "कारण" हा शब्द घालून वाचावे. आपल्याच शहराचे उदाहरण घेऊ. विधान: 2001 ते 2011 या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33,38,031 वरून 30,85,411 पर्यंत घटली. तर्क: या जिल्ह्याचे क्षेत्रफळ 157 चौरस किलोमीटर आहे. दोन्ही वाक्ये सत्य आहेत, पण "कारण" घालून वाचताच जोड बसत नाही, म्हणजे तर्क हे विधानाचे स्पष्टीकरण नाही. त्याऐवजी "अनेक कुटुंबे शहर सोडून उपनगरांत आणि त्यापलीकडे राहायला गेली" असे वाक्य ठेवले की जोड लगेच बसते. वाद झाला की दोघांचे मतभेद सत्यतेबद्दल आहेत की जोडणीबद्दल, हे आधी विचारावे.

मुंबईत आणखी एक अडचण येते, ती माध्यमाची. एकाच इमारतीत राहणारे दोघे मित्र, एक मराठी आणि दुसरा इंग्रजी माध्यमाचा, तासभर भांडतात आणि शेवटी दोघांचे म्हणणे एकच निघते. मागणीच्या प्रकरणात हे नेहमी होते. केवळ किंमत घटल्याने मागणी वाढली तर तो मागणीचा विस्तार, आणि किंमत तीच राहून उत्पन्न किंवा आवड बदलल्याने मागणी वाढली तर ती वृद्धी; पहिल्यात त्याच मागणी वक्रावर (किंमत आणि मागणी यांचा संबंध दाखवणाऱ्या रेषेवर) खाली सरकायचे असते, दुसऱ्यात वक्रच उजवीकडे सरकतो. बोलताना मात्र दोन्हींना आपण "वाढ" म्हणतो. म्हणून अशा वेळी पारिभाषिक शब्दावर न अडता आकृती काढून दाखवण्यास सांगावे.

सहमत किंवा असहमत असण्याच्या प्रश्नांत मुले "सहमत लिहिलंस की असहमत?" एवढेच विचारतात. मिठाची मागणी लवचीक असते, या विधानाशी असहमतच व्हावे लागेल; परंतु गुण त्या एका शब्दावर संपत नाहीत. मीठ जीवनावश्यक आहे, त्यावर होणारा खर्च उत्पन्नाच्या मानाने नगण्य आहे आणि त्याला जवळचा पर्याय नाही, ही कारणे किती जणांनी लिहिली, यावर चर्चा व्हावी.

भूगोलात हीच काळजी घनतेच्या प्रश्नात घ्यावी लागते. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला 20,980 होती, त्यामुळे तेथे लोकसंख्या अतिरिक्त आहे, असे मुले सरळ लिहून मोकळी होतात. घनता हे लोकसंख्या व क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर आहे. अतिरिक्त लोकसंख्या ठरते ती उपलब्ध साधनसंपत्तीशी तुलना करून. भौगोलिक कारणांच्या उत्तरांत एका कारणावर भागत नाही. मुंबईत सुती कापडाचा धंदा का वाढला याला "दमट हवा" हे उत्तर चुकीचे नाही, सुताचा धागा दमट हवेत कमी तुटतो. पण बंदर, कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाशी जोडणारी रेल्वे, भांडवल आणि कोकण-घाटावरून आलेले कामगार यांच्याशिवाय ते अपुरे आहे. मित्राचे कारण आपल्यापेक्षा वेगळे असले म्हणून दोघांपैकी एक चुकला, असे येथे समजू नये.

निवाडा करताना बालभारतीचे पाठ्यपुस्तकच प्रमाण मानावे. ते ई-बालभारतीवर विनामूल्य उपलब्ध आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या उत्तरसूचीचा कर्ता कोण हे कळत नाही आणि घाईत केलेल्या सूचीत चुका असतात, म्हणून तिच्या आधारे कोणाला रडवू नये.

कधी दोष प्रश्नातच असतो. पाठ्यपुस्तक पाहूनही दोन पर्याय बरोबर वाटत असतील, तर त्याच दिवशी विषयशिक्षकांना लेखी कळवावे. महाविद्यालयामार्फत ते मंडळापर्यंत पोहोचवता येते. 2023 मध्ये बारावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतील चुकीबद्दल राज्य मंडळाने सहा गुण देण्याचा निर्णय घेतला होता.

संध्याकाळी केलेला तो कागद प्रश्नपत्रिकेला टाचून निकालापर्यंत जपावा. अपेक्षेपेक्षा फार कमी गुण आले तर गुणपडताळणीसाठी किंवा उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो, आणि पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते. छायाप्रत हाती आल्यावर मुदत थोडी असते. त्या वेळी कागदावरील मुद्दे, छायाप्रतीतील उत्तर आणि पाठ्यपुस्तकाचे पान शेजारी ठेवून शिक्षकांना दाखवले, तर अर्ज करायचा की नाही हे एका बैठकीत ठरते.