एक नमुना, अनेक प्रयोगशाळा: मोठ्या रेणुसंकुलांच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

रायबोसोम (पेशीत प्रथिने घडवणारे), प्रोटिआसोम (नको असलेली प्रथिने मोडणारे) किंवा पेशीकेंद्रकाच्या आवरणातील छिद्र-संकुल यांसारख्या महाकाय रेणुसंकुलांवर काम करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा पहिल्याच भेटीत विचारतात, की कोणते तंत्र शिकले म्हणजे या क्षेत्रात निभाव लागेल. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु काही वर्षे या कामात घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की तंत्र कोणतेही निवडले तरी चालते. आपल्या हातून गेलेल्या नमुन्याचे पुढे इतर प्रयोगशाळांत काय होते, हे ज्याला नीट ठाऊक असते त्याचाच सामूहिक संशोधनात खरा उपयोग होतो.

एकाच तंत्रावर भागत नाही, याचे कारण या संकुलांचा आकार आणि त्यांची सततची हालचाल यांत आहे. जिवाणूंच्या रायबोसोमचे वस्तुमान सुमारे २५ लाख डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचे वस्तुमान) असते, तर मानवी केंद्रक-छिद्र संकुलाचे ११ कोटी डाल्टनांच्या आसपास जाते आणि त्यात सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या मिळून जवळपास १,००० प्रती असतात. क्ष-किरण स्फटिकशास्त्राला एकसारखे रचलेले रेणू लागतात, त्यामुळे हलणारे भाग त्यात पुसट होतात किंवा मुळीच दिसत नाहीत. एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत टिपणाऱ्या तंत्रात, हालचाल उत्तम टिपता येते, पण रेणू जसजसा मोठा होतो तसतसे संकेत रुंदावत जाऊन एकमेकांत मिसळतात. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने, ज्यासाठी २०१७ साली दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, स्फटिकाची अट काढून टाकली. तरी गोठवलेल्या लाखो कणांच्या प्रतिमांवरून रचना उभी करताना कोणता कण कोणत्या अवस्थेतला, हे ठरवावेच लागते. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीमुळे सुट्या प्रथिनांच्या रचनांचा अंदाज सोपा झाला आहे, परंतु संकुल कोणत्या क्रमाने आणि कोणत्या प्रमाणात अवस्था बदलते, याचे भरवशाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

आता नमुन्याकडे वळतो, कारण नवख्यांचा सर्वाधिक वेळ येथेच जातो आणि पाठ्यपुस्तकांत याविषयी सर्वांत कमी लिहिलेले असते. शुद्ध केलेले संकुल टिकावे म्हणून जीवरसायनाची प्रयोगशाळा बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ग्लिसरॉल घालते. तेच ग्लिसरॉल सूक्ष्मदर्शकाखाली पार्श्वभूमीची घनता वाढवून कणांचा उठाव कमी करते. क्रॉस-लिंकिंग (प्रथिनांचे जवळ असलेले भाग रासायनिक दुव्याने जोडणे) करणाऱ्यांना ट्रिस बफर चालत नाही, कारण त्यातील अमिनो गट प्रथिनांतील लायसिन या अमिनो आम्लाऐवजी स्वतःच अभिकर्मकाशी संयोग पावतात; म्हणून ही मंडळी हेपेस बफर मागतात. अखंड संकुलाचे वस्तुमान मोजणाऱ्यांना साधे मीठही नको असते, म्हणून नमुना अमोनियम ॲसिटेटमध्ये न्यावा लागतो, आणि त्या बदलात एखादा सैल बसलेला उपघटक गळून पडला तर मोजलेले वस्तुमान अचूक असूनही ते भलत्याच संकुलाचे असते. लघुकोनीय क्ष-किरण प्रकीर्णनासाठी नमुन्याबरोबर तंतोतंत त्याच बफरची वेगळी कुपी पाठवावी लागते, आणि ती पाठवायची हमखास राहून जाते. म्हणून प्रत्येक कुपीवर शुद्धीकरणाची तारीख, जेल फिल्ट्रेशनमधला (आकारानुसार रेणू वेगळे करण्याच्या पायरीतला) फ्रॅक्शन क्रमांक, संहती आणि बफरचे संपूर्ण घटक लिहिलेले असावेत, असा माझा आग्रह असतो. ‘जुनाच बफर’ असे लिहून आलेली कुपी मी उघडत नाही.

तंत्रांचे निष्कर्ष जुळत नाहीत, तेव्हा काय करावे? एका प्रकल्पात आम्हाला क्रायो-ईएमचा (क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचा) सुबक घनता-नकाशा मिळाला होता, आणि क्रॉस-लिंकच्या यादीतील बहुतेक जोड्या त्यात व्यवस्थित बसत होत्या. आम्ही वापरलेल्या अभिकर्मकासाठी दोन लायसिनांच्या अल्फा-कार्बनांमधील अंतर साधारण ३० अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) ग्राह्य धरतात. पण एका बाहेरच्या उपघटकाच्या काही जोड्या नकाशात त्याच्या दुपटीहून दूर पडत होत्या. बैठकीतला पहिला सूर, साहजिकच, त्या जोड्या चुकीच्या ओळखल्या गेल्या असाव्यात असा होता. परंतु त्या सर्व जोड्या एकाच पृष्ठभागाकडे बोट दाखवत होत्या, आणि यादृच्छिक चुका अशा एका जागी गोळा होत नाहीत. मग वर्गीकरणात ‘निकृष्ट’ म्हणून बाजूला काढलेले कण पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतील एका छोट्या गटात तो उपघटक वळून आत मिटलेला दिसला. विभेदन (तपशिलाची स्पष्टता) कमी होते, तरी त्या अवस्थेत जोड्यांची अंतरे बसली. विसंगती दिसली की आधी दोन्ही बाजूंचा कच्चा डेटा मागावा, आणि काढून टाकलेल्या गोष्टींची यादी त्याहून आधी मागावी.

संगणकीय सिम्युलेशन करणाऱ्यांशी बोलताना काळाचे माप स्पष्ट असू द्यावे. अणुपातळीवरील सिम्युलेशन साधारण दोन फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) पावलांनी पुढे सरकते आणि एवढ्या मोठ्या संकुलासाठी काही मायक्रोसेकंद गाठणे हेच मोठे काम असते. जिवाणूचा रायबोसोम मात्र एक अमिनो आम्ल जोडायला सुमारे ५० मिलिसेकंद घेतो. या दोहोंमधली दरी लक्षात न घेता ‘हालचाल दिसली नाही’ असा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

लेखकांच्या नावांचा क्रम आणि कोणता गट काय स्वतंत्रपणे प्रसिद्ध करू शकतो, हे पहिला नमुना पाठवण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे. विद्यार्थ्याने हा विषय काढणे अवघड वाटते, हे खरे. मार्गदर्शकाला तसे करायला सांगावे.

गट निवडताना त्यांच्या प्रकाशित रचना कोठे जमा आहेत ते जरूर पाहावे. अणूंचे प्रारूप १९७१ साली सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत, घनता-नकाशा ईएमडीबी या नकाशांच्या संग्रहात आणि मूळ प्रतिमा एम्पायर या प्रतिमांच्या संग्रहात ठेवता येतात. नकाशा दोन अर्ध्या भागांत स्वतंत्रपणे उभारून विभेदन मोजण्याची रीत आहे, तेव्हा ते दोन अर्धे नकाशेही जमा केले आहेत का ते तपासावे. मुलाखतीत तुम्हाला प्रश्न विचारण्याची संधी मिळेलच. वर्गीकरणात वगळलेले कण किती काळ जपून ठेवता, एवढे विचारून पाहावे.