मधमाश्यांच्या पेटीत आलेला पराग कोणत्या झाडाचा, हे कसे ओळखावे

माशीच्या मागच्या पायांवर पिवळा गोळा दिसला की "सूर्यफूल" म्हणून मोकळे होणारे बरेच असतात. रंगावर इतकी भिस्त ठेवू नये. गोळा बांधताना माशी त्यात थोडा मध कालवते, त्याने रंग गडद होतो आणि वाळल्यावर पुन्हा बदलतो. सूर्यफूल, करडई, मोहरी एकमेकांत सहज खपून जातात. रंगाचा उपयोग गोळ्यांची वाटणी करण्यापुरता. नाव ठरते सूक्ष्मदर्शकाखाली.

मेलिफेराच्या (मोठ्या, युरोपीय पाळीव मधमाशीच्या) पेटीला परागसापळा चालतो, म्हणजे दाराशी बसवायची जाळी, तिच्यातून शिरताना पायांवरचे गोळे गळून पडतात. सातेरी (आपली देशी मधमाशी) अंगाने लहान, ती त्याच जाळीतून गोळ्यांसकट आत शिरते. तिच्यासाठी पेटीचे दार दोन-तीन मिनिटे गवताच्या बोळ्याने बंद करा. दाराशी जमलेल्या माश्या छोट्या बाटलीत धरून बाटली बर्फात ठेवा. माश्या सुस्तावल्या की चिमट्याने गोळे काढा आणि माश्यांना उन्हात सोडून द्या. शाळू आणि मका सकाळी लवकर पराग सोडतात. फक्त दुपारी नमुना घेतला तर ही पिके यादीतून गळतात, म्हणून सकाळ-दुपार दोन्ही वेळा घ्या. गोळे कागदी पाकिटात ठेवून तारीख, वेळ, गाव लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत एका दिवसात बुरशी धरते.

काचपट्टीवर पराग बसवायला लागणारी ग्लिसरीन जेली घरी होते. १० ग्रॅम जिलेटिन ३५ मिली पाण्यात दोन-तीन तास भिजवा, ३० मिली ग्लिसरीन घालून गरम पाण्यात भांडे ठेवून विरघळवा, चिमूटभर सॅफ्रानिन (कण रंगवणारा लाल रंग) टाका. उकळू देऊ नका, जेली नीट घट्ट होत नाही. बुरशीनाशक घातलेले नसल्याने ती फ्रीजमध्ये ठेवा. एका गोळ्याचा कण स्पिरिटच्या थेंबात मोडा. सूर्यफुलासारख्या परागावर तेलाचा थर असतो, तो धुतला नाही तर काटे धूसर दिसतात. स्पिरिट उडाले की जेलीचा तुकडा ठेवा, पट्टी किंचित गरम करा आणि वर झाकणकाच ठेवा. आम्लात पराग उकळण्याची प्रयोगशाळेतली पद्धत घरी मुळीच करू नका. ते मिश्रण पाण्याशी संपर्क आला की स्फोटासारखे उसळते.

४०० पटीत पाहा. मका मोठा, गोल, गुळगुळीत, एकाच छिद्राचा, ८० ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शाळूचाही तसाच, पण बराच लहान. सूर्यफूल काटेरी गोळा. जांभूळ तीन कोपऱ्यांचे, जेमतेम १५ ते २० मायक्रॉन. बाभळीचे कण सुटे नसतात, बहुधा १६ जणांचा गठ्ठा असतो. लाजाळूचे चार-चार कण चिकटलेले. भेंडी आणि कापूस काटेरीच, पण मक्याइतके किंवा त्याहून मोठे.

खरी मदत होते ती स्वतःच्या शिवारातल्या ओळखीच्या फुलांच्या परागाच्या काचपट्ट्यांची. उमलायला आलेल्या कळीतले परागकोश घ्या आणि त्याच जेलीत पट्टी करा. जेलीत कण फुगतात, त्यामुळे वेगळ्या पद्धतीच्या पुस्तकी मापाशी ताडून पाहिले तर फसगत होते. कोरड्या जत-आटपाडीच्या पट्ट्यांचा संच पावसाळी डोंगरातल्या महाबळेश्वर-जावळीला पुरणार नाही. कारवी (सह्याद्रीतले झुडूप) सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा त्या वर्षीच तिची पट्टी करून ठेवावी.

मिश्र नमुन्यात निदान ३०० कण मोजा, पण कोणत्या फुलाचा पराग माश्यांनी किती आणला, याचा हिशोब संख्येवरून करू नका. ९० मायक्रॉनचा मक्याचा एक कण आकारमानाने १८ मायक्रॉनच्या जांभळाच्या १२५ कणांएवढा भरतो. सुटे गोळे रंगाने वाटून प्रत्येक ढीग तोलणे जास्त भरवशाचे, कारण एका फेरीत माशी बहुतेक एकाच फुलाला धरून राहते.

पेरू, निलगिरी, जांभूळ तिन्ही त्रिकोणी. त्या आठवड्यात शिवारात कोण फुलले आहे हे पाहूनच नाव ठरवा. तरीही शंका राहिली तर नोंदीत "जांभूळ कुळ" एवढेच लिहा.