आपल्या परिसरात बैठ्या खेळांचा कट्टा कसा सुरू करावा

कॅरम, बुद्धिबळ किंवा सापशिडीचा पट बहुतेक मराठी घरांत कुठेतरी असतोच. एका वेळी एकत्र बसणारी चार माणसे मात्र सहसा मिळत नाहीत. म्हणून कट्टा सुरू करू इच्छिणाऱ्याने नवे खेळ विकत घेण्याआधी, ठरलेल्या दिवशी हमखास येतील अशी तीन-चार माणसे जमवावीत. एवढे जण असले की दुसरे कोणी आले नाही तरी डाव होतो, आणि बिचकत दाराशी आलेल्या नवख्याला आत खेळ चालू असलेला दिसतो.

पहिल्या काही बैठका कोणाच्या घरी भरवू नयेत. घरी बसले की चहापाण्याचा भार त्या घरातील कोणावर तरी पडतो, आणि अनोळखी माणसाला, विशेषतः एकट्याने येणाऱ्या स्त्रीला, परक्या घराची पायरी चढणे अवघड जाते. सोसायटीचे सभागृह, वाचनालयातील मोकळी खोली, ज्येष्ठ नागरिकांचे विरंगुळा केंद्र यांपैकी जे जवळ असेल तेथे लेखी अर्ज करावा. वार, वेळ, अंदाजे किती जण येतील, दिवे-पंखे बंद करून किल्ली कोण परत देणार, हे सारे त्यात लिहावे आणि पैसे लावून काहीही खेळले जाणार नाही, हेही स्पष्ट नमूद करावे. महाराष्ट्रात जुगाराला प्रतिबंध करणारा कायदा 1887 सालापासूनचा आहे, आणि पत्त्यांचे नाव निघताच समितीतील ज्येष्ठांच्या मनात येणारी शंका या एका वाक्याने दूर होते. पुढे कट्ट्यावरही हा नियम रुपयाच्या पैजेपर्यंत कसोशीने पाळावा.

वेळ ठरवताना कोणाला येता येणार नाही, याचा विचार आधी करावा. रात्री आठची वेळ पुरुषांना सोयीची वाटते, पण ज्या घरांत स्वयंपाक अजूनही एकीच्याच अंगावर असतो, तेथील स्त्रिया त्या वेळेमुळे आपोआप वगळल्या जातात. रविवारी दुपारी चार ते सात ही वेळ माझ्या मते सर्वांत उत्तम, कारण मुले, आजी-आजोबा आणि नोकरदार तिघेही तेव्हा मोकळे असतात. दर रविवारी जमणे शक्य नसेल तर महिन्यातील पहिला आणि तिसरा रविवार धरावा, मात्र ठरलेला वार एकदाही बदलू नये. ‘या वेळी कधी जमू या?’ असा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायची वेळ आली की कट्टा विस्कटू लागतो. त्या गटावर गुरुवारी एकच संदेश जावा, येणाऱ्यांनी नाव कळवावे, आणि शुभेच्छांची चित्रे तेथे येऊ नयेत.

आरंभासाठी मुहूर्त हवाच असेल तर कोजागरी पौर्णिमेसारखा दुसरा नाही. त्या रात्री जागरण करून फाशांचा खेळ खेळण्याची प्रथा जुनीच आहे, आणि मसाला दुधाच्या निमित्ताने सारी सोसायटी गच्चीवर आलेलीच असते.

खेळांची निवड दोन टोकांनी करावी. एका टोकाला घरच्या मोठ्यांना आधीपासून येणारा खेळ असावा. अष्टाचम्मासाठी खडूने आखलेला पाच गुणिले पाच घरांचा पट, चार कवड्या आणि प्रत्येकाच्या चार सोंगट्या एवढेच लागते. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, पालथ्या पडल्या तर आठ, हे नातवंडांना शिकवताना आजी कट्ट्यावरील गुरू होतात, आणि नव्या खेळांसमोर वाटणारा त्यांचा संकोच तेथेच गळून पडतो. घरोघरचे नियम वेगळे असल्याने कोणता नियम चालणार, हे पहिली कवडी पडण्यापूर्वी ठरवून घ्यावे. दुसऱ्या टोकाला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर पसरलेल्या नव्या खेळांपैकी दोनच घ्यावेत. माझी शिफारस ‘कार्कासोन’ आणि ‘कोडनेम्स’ यांची आहे. 2000 साली आलेल्या ‘कार्कासोन’मध्ये चौकोनी फरशा जुळवत शहरे आणि रस्ते उभे राहतात, त्यावर वाचण्यासारखा मजकूर नसतो आणि दोन ते पाच जण खेळू शकतात. ‘कोडनेम्स’ मोठ्या घोळक्यासाठी आहे. पंचवीस शब्द मांडलेले असतात, प्रत्येक संघाचा प्रमुख एक शब्द आणि एक आकडा एवढाच संकेत देतो, आणि त्यावरून आपले शब्द ओळखायचे असतात. पेटीतील इंग्रजी शब्द बाजूला ठेवून पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर मराठी शब्द लिहावेत. पान, वार, माळ, तार, कर असे दुहेरी-तिहेरी अर्थांचे शब्द निवडले तर खेळ मूळ खेळापेक्षाही चुरशीचा होतो, आणि इंग्रजीला बिचकणारा माणूसही पहिल्याच डावात बोलता होतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे खेळ शिकवणे. नियमपुस्तिका मोठ्याने वाचून दाखवू नये. पाचव्या मिनिटाला ऐकणाऱ्यांचे हात मोबाइलकडे वळतात. शिकवणाऱ्याने घरी पट मांडून स्वतःशी एक डाव खेळून यावे. जिंकण्यासाठी काय करायचे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. त्यानंतर एका पाळीत काय करता येते ते प्रत्यक्ष हाताने करून दाखवावे, मग डाव कधी संपतो ते सांगावे, आणि अपवाद तो प्रसंग येईपर्यंत मागे ठेवावेत. ‘कार्कासोन’मध्ये शेतात आडव्या झोपवल्या जाणाऱ्या सोंगट्या, म्हणजे शेतकरी, आणि त्यांचे गुण हा भाग नवख्यांना सर्वाधिक गोंधळात टाकतो, म्हणून पहिल्या डावात तो सरळ वगळावा, त्याने खेळाचे काही बिघडत नाही. कोणी ‘कॅटन’ हा बेटावर वसाहती वसवण्याचा खेळ आणलाच, तर तो शिकवताना नियमपुस्तिकेत नवशिक्यांसाठी दिलेली तयार मांडणीच वापरावी, कारण सुरुवातीच्या वसाहती चुकीच्या जागी बसल्या तर उरलेला तासभर तो खेळाडू हात बांधून बसतो. या खेळात फाशांची जी बेरीज पडते, त्या आकड्याला लागून असलेल्या वसाहतींना माल मिळतो, म्हणून नवख्याला एवढे मात्र जरूर सांगावे की, दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी सहा आणि आठ या बेरजा प्रत्येकी पाच वेळा येतात, तर दोन आणि बारा प्रत्येकी एकदाच. पहिल्या डावापुरता प्रत्येक नवखा कच्चा लिंबू समजावा, म्हणजे त्याला चाल परत घेता येईल आणि काहीही विचारता येईल. शिकवणाऱ्याने त्या डावात जिंकण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

माणसांची वाटणी हे यजमानाचे खरे कसब आहे. सहा जण आले तर चार आणि दोन असे न बसवता तीन-तीनच्या दोन जागा कराव्यात. पाच असतील तर ‘कार्कासोन’ पुरतो. सात-आठ जण जमले की ‘कोडनेम्स’ काढावा. मूळ ‘कॅटन’ तीन किंवा चार जणांचाच असल्याने पाचवा येण्याची शक्यता असेल तर तो उघडूच नये. उशिरा आलेल्याला तासभर नुसते पाहत बसावे लागले तर तो पुन्हा येत नाही, म्हणून पहिला अर्धा तास छोट्या खेळांसाठी राखावा आणि लांबलचक डाव साडेचारनंतर मांडावेत.

वागणुकीचे नियम मोजके असावेत, पण ते पहिल्याच दिवशी सांगावेत. मोबाइल पटापासून दूर असावा. हरताना डाव मोडून उठू नये, आणि रडीचा डाव कोणी खेळलाच तर त्याला चारचौघांत न बोलता नंतर बाजूला घेऊन सांगावे. ‘पँडेमिक’सारख्या, सर्वांनी मिळून साथीच्या रोगांशी लढायच्या खेळात अनुभवी माणूस सर्वांच्या चाली स्वतःच ठरवू लागतो, तेथे ज्याची पाळी त्याचाच निर्णय, आणि सल्ला विचारल्यावरच, असा दंडक ठेवावा. कॅरमचा फलक दूरच्या कोपऱ्यात ठेवावा, कारण त्याचा आवाज आणि पावडर दोन्ही शेजारच्या पटावर पोहोचतात. चिवडा, भजी वगैरे मधल्या सुट्टीत वेगळ्या टेबलावर खावे, आणि हात धुऊन मगच पत्त्यांना स्पर्श करावा. पावसाळ्यात पुठ्ठा दमटपणाने वाकतो, म्हणून पेट्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि पत्त्यांना प्लास्टिकची पातळ आवरणे घालावीत.

वर्गणीची घाई नको. तीन-चार महिने लोक टिकून आले की मगच नवा खेळ घेण्यासाठी प्रत्येकाने थोडे पैसे द्यावेत, आणि हिशेब सर्वांना दिसेल अशा वहीत राहावा. त्याच सुमारास दुसऱ्या कोणाला तरी एक खेळ शिकवायला सांगावे. शाळकरी मुलगी असली तरी चालेल. तिने आठवडाभर आधी पेटी घरी न्यावी आणि रविवारी तिच्या टेबलावर मूळ यजमानाने इतरांसारखे शिकायला बसावे.